तोच, की दुसरा?

या संवादातले आबा म्हणजे कुणी एक गृहस्थ नाहीत. शिराळ्यापासून कराड-पाटणपर्यंत ऊस, भात, भुईमूग करणाऱ्या माणसांपुढे रानातल्या एकेका जनावराची वेगळी ओळख ठेवायचा विषय काढला की जे आक्षेप हमखास येतात, ते सगळे मी एकाच माणसाच्या तोंडी घातले आहेत. पूर्वपक्ष आधी पुरता मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही रीत साताऱ्याच्या मुलखाला नवी नाही. वाईसारख्या पाठशाळांच्या गावात ती पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. आबांचा पक्ष मी मुद्दाम दुबळा ठेवलेला नाही. दोन-तीन जागी तो माझ्यापेक्षा भारी पडतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

मी : आबा, माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्या परसात, गोठ्यात, माळ्यावर, उसाच्या कडेला जी रानातली जनावरं येतात, ती आपल्याला जातीनं माहीत असतात. धामण निघाली, वानर आलं, बिबट्या दिसला. पण कोणती धामण, कोणतं वानर, कोणता बिबट्या, हे आपण विचारत नाही. हा प्रश्न विचारायला हवा आणि त्याचं उत्तर कुठंतरी लिहून ठेवायला हवं, एवढंच माझं सांगणं. यात अशक्य काही नाही. ट्यूबलाइटमागं राहणारी पाल घ्या. शेपूट तुटून पुन्हा आलेली असली तर नवी शेपूट मूळच्यासारखी नसते. रंग वेगळा, खवले वेगळे, तुटल्या जागी एक कडा दिसते, आणि बऱ्याचदा ती आखूडच राहते. दिव्याजवळच्या तिघींपैकी ही कोणती, हे घरातलं शाळकरी पोर सहज सांगेल. नागाच्या फणीवरचा दहाचा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणाचा तो ठसठशीत असतो, कुणाचा फिकट, कुणाचा मोडका. बिबट्याच्या कुशीवरचे ठिपके तर माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. दोन बिबट्यांचे जुळत नाहीत, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीचेही जुळत नाहीत. म्हणून तर कॅमेरे वाटेच्या दोन्ही अंगांना लावतात. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं अलीकडे आलेल्या वाघांना सेनापती, सुभेदार अशी नावं पडली, तीही कॅमेऱ्यातले पट्टे तपासूनच. खूण प्रत्येकाच्या अंगावर आहे, बघायची सवय मात्र आपल्याला नाही.

आबा : पाव्हणं, तुमचं बरं हाय. पालीची शेपूट बगायला तुमाला वेळ हाय. हितं रातीची लाईट येती. मोटर चालू करायला बॅटरी घिऊन बांधाबांधानं जावं लागतं, आन् तवा म्होरं डोळं चमाकलं तर मी काय ठिपकं मोजत हुबा ऱ्हानार न्हाई. दुसरं सांगतो. वळख ठिवायला आमाला कुनी शिकवायची गरज न्हाई. जुन्या वाड्यात राखनदार असायचा. म्हातारी मानसं सांगायची, ह्यो नाग पंजाच्या वक्तापास्नं हाय, ह्येला कुनी काठी लावायची न्हाई. आन् आमचं शिराळं? नाग धरून आनायचा, मडक्यात ठिवायचा, पंचमीला घरोघरी पुजायचा. बाया त्येला भाऊ मानून उपास धरतात. तुमी नुस्ती वळख म्हन्ता, आमी तर नातं लावलं हुतं. ते तुमच्या कायद्यानं मोडलं, आन् आता तुमीच येऊन म्हन्ता, वळख ठिवा!

मी : शिराळ्याचा मुद्दा टाळून पुढं जाता येणार नाही, तेव्हा आधी तोच घेतो. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पुजायला सांगितला, ही बत्तीस शिराळ्याची कथा. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडणं, बाळगणं आणि मिरवणं हा गुन्हा ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. २०२५ मध्ये केंद्रानं मोजके नाग पकडायला अटींवर परवानगी दिली, तीसुद्धा अभ्यास आणि प्रबोधनासाठी. पण कायदा बाजूला ठेवून विचार करा. पंचमीच्या आधी मंडळांची पोरं शिवारं पालथी घालत, तेव्हा ती अमुक एका नागाला शोधत नव्हती. सापडेल तो नाग चालत होता. सर्वांत लांब कोणता, सर्वांत उंच फणा कुणाचा, याच्या चढाओढी लागत. पूजा नागाची होती, समोरच्या मडक्यातला जीव तिथं निमित्तापुरता होता. हातात घेतलेला प्राणी आपल्याला कळला असं वाटतं, पण मडक्यातला नाग काय शिकवणार? त्याची वाट कोणती, तो कुठल्या बांधाच्या बिळात राहतो, उंदरामागं कधी निघतो, हे सगळं मडक्याबाहेरच राहिलं. एक गोष्ट मात्र त्या प्रथेत खरी जाणकारीची होती. सण झाला की ज्या जागचा नाग त्याच जागी सोडायचा, असं शिराळ्याची माणसं सांगतात. ही रीत किती शहाणपणाची होती, ते पुढं येईलच.

राहिला राखणदार. आबा, माणसाच्या तीन पिढ्या पुरेल एवढं आयुष्य नागाला नसतं. पणजोबांनी पाहिलेला आणि नातवानं पाहिलेला नाग एकच, हे शक्य नाही. यात आपल्याकडच्यांचीच फसगत झाली असं समजू नका. इंग्लंडात आपल्या बागेतला रॉबिन वर्षानुवर्षं तोच आहे असं घरोघरी मानत. १९३०च्या दशकात डेव्हिड लॅक या शिक्षकानं डेव्हनमध्ये रॉबिनांच्या पायांत रंगीत कडी घातली आणि नोंदी ठेवल्या. १९४३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातून दिसलं की बहुतेक रॉबिन वर्ष-दोन वर्षांतच मरतात. बागवाल्याचा जुना सोबती म्हणजे एकामागून एक त्या जागेवर आलेले वेगवेगळे पक्षी. तुमच्या पणजोबांनी ओळखली ती जागा. ती बरोबरच ओळखली, आणि तिचं मोलही आहे. पण जागेवर कोण आहे, हे खुणेशिवाय आणि तारखेशिवाय कळत नाही.

आबा : बगा, तुमच्याच तोंडून आलं. एक जातंय, दुसरं येतंय, जागा काय रिकामी ऱ्हात न्हाई. मंग कोनतं ह्ये कळून फायदा काय? धामन उंदीर खाती. ही न्हाई तर ती खाईल. सरकार वाघ मोजतंय ते बी आकड्यात मोजतंय, नावानं मोजत न्हाई. शास्त्राला बी जात वाचली म्हंजे झालं. एकाएका जनावराचं कवतिक ह्ये पुस्तक लिवनाऱ्याचं काम.

मी : हा तुमचा सगळ्यात जड आक्षेप, म्हणून त्याला वेळ देतो. जागा भरते, ही गोष्ट आपल्याकडच्या एका पोरानंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपून ठेवली होती. सालिम अली लहानपणी चेंबूरला असताना तबेल्यातल्या खुंटीच्या भोकात चिमणीनं घरटं केलं होतं. बाहेर बसणाऱ्या चिमण्याला त्यांनी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलं. थोड्या वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. त्याला पाडलं, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर झाले. प्रत्येक वेळी जणू कुणीतरी वाट बघत थांबलेलाच होता. वरवर पाहता हे तुमच्या बाजूचं आहे, कारण आठ चिमणे सारखेच ठरले. पण चिमण्याच्या जागी बिबट्या ठेवून बघा. तिथं येणारा नवा हा आधीच्यासारखा नसतो, आणि उचलून नेलेला जुनाही कुठंतरी जातच असतो.

जुन्नरला हे घडलं. उसाच्या पट्ट्यात बिबटे वाढले म्हणून २००१ पासून ते पिंजऱ्यानं पकडून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, हलवाहलवीच्या काळात ते सतरा झाले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही वाढलं. बिबट्याला एकसारख्या मालाच्या पोत्यागत इकडचा तिकडे केला, याचा हा हिशेब. परक्या मुलखात सोडलेल्या जनावराला पाणवठा, भक्ष्य, लपायची जागा यातलं काहीच माहीत नसतं, शिवाय पिंजऱ्याचा धसका पोटात असतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा घ्यायला दुसरे येतात, त्यांना इथली माणसं, कुत्री, वाटा नव्या. म्हणजे एका ओळखीच्या बिबट्याच्या बदल्यात दोन जागी अनोळखी बिबटे तयार झाले. आता त्याच लोकांचं अकोले तालुक्यातलं काम बघा, २०१३ साली प्रसिद्ध झालेलं. सगळा बागायती पट्टा, दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं. तिथं कॅमेरे लावून ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला पाचएक मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा. एवढ्या दाटीत राहूनही त्यांनी त्या काळात एकाही माणसाचा जीव घेतलेला नव्हता. आबा, हे कुणाच्या कौतुकानं कळलं नाही. हा कोणता, हे दर फोटोला विचारलं म्हणून कळलं. नुसता आकडा काढायचा म्हटला तरी आधी एकेक वेगळा ओळखावाच लागतो. सरकार वाघ आकड्यानं मोजतं म्हणता, पण तो आकडा पट्टे जुळवूनच निघतो.

आणि एकट्याची गोष्ट नुसती पुस्तकापुरती असते असंही नाही. २००९ साली पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेजला सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. हा आजोबा डोंगर, लोहमार्ग, महामार्ग ओलांडत सुमारे एकशेवीस किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाकडं गेला. वाटेत माणसांच्या वस्तीजवळून कितीदा तरी गेला असेल. कुणाला धक्का लावला नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेनं मेला, तेव्हा अंगातल्या चिपवरून हा तोच, हे कळलं. सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतो, ही समजूत या एका जनावरानं खोटी पाडली. आपल्याकडे सर्पमित्रांना मी हेच सांगू पाहतो. वाळव्यातल्या एखाद्या गोठ्यातली धामण पकडून लांब डोंगरात सोडली की सगळ्यांना पुण्य केल्यासारखं वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परक्या जागी सोडलेल्या खुळखुळ्या सापांपैकी अर्ध्याहून जास्त मेले. जागच्या सापांत मरण्याचं प्रमाण नऊत एक इतकंच होतं. नव्या जागी साप सैरभैर हिंडत राहतो, थंडीला कुठं शिरायचं ते त्याला ठाऊक नसतं. धरला त्याच जागी सोडायची शिराळ्याची रीत म्हणूनच शहाणपणाची. ती मला मडक्यापेक्षा पुष्कळ मोठी वाटते.

आबा : आकडं तुमचं खरं असतील. पन २०२१ला कराड तालुक्यात येणक्याला काय झालं ते इसरू नका. ऊसतोडीवाल्याचं पोर बिबट्यानं उचललं. त्या आईला जाऊन सांगा, वर्साला सरासरी चार. ऊस तोडाय येनारी मानसं पार बीडाकडची. कोपीला दार न्हाई, कड्या न्हाईत, पाचटाचा आडोसा. ती पाच-सा महिनं ऱ्हानार आन् जानार, त्यास्नी तुमचा आजोबा कोन आन् नातू कोन, काय कळनार? आन् आमच्यात बी शेळी गेली की एकच मागनी असती, पिंजरा लावा. त्यात चुकलं काय?

मी : काही चुकत नाही. माणसावर हल्ला केलेला बिबट्या पकडलाच पाहिजे, यावर माझा वाद नाही. पण कोणता, हा प्रश्न तिथंच सगळ्यात धारदार होतो. पिंजऱ्यात शेळी बांधली की जो भुकेला, जो जवळ, जो कमी सावध, तो आत येतो. तो गुन्हेगार असेलच असं नाही. चुकीचा पकडला गेला तर गाव त्या रात्री दार लोटून निर्धास्त झोपतं आणि खरा बाहेरच असतो. ती रात्र आधीच्या रात्रीपेक्षा वाईट. हल्ल्याच्या आधीपासून कुणी पाहिलेलं, टिपलेलं असलं, की या ओढ्याला एक मादी आहे, मागच्या उजव्या पायानं लंगडते, दोन पिल्लं आहेत, आणि मळीच्या बाजूला एक मोठा नर महिन्यातून एखाद्या वेळेला फिरतो, तर वनखात्याला कॅमेरे कुठं लावायचे आणि ठसे कशाशी ताडायचे, याला निदान सुरुवात मिळते. नाहीतर सगळं अंधारातच चाचपडणं.

ऊसतोडीच्या माणसांबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. ओळख ठेवायची चैन त्यांना परवडणारी नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणं निर्दयपणा होईल. पण मग ती जबाबदारी जागच्या माणसावर येते. फड कुठला तुटणार, हे कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असतं, टोळी कुठं उतरवायची ते मुकादमाला. त्या गटात मादी पिल्लं घेऊन आहे, हे फक्त बांधावरच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, आणि तो बोलत नाही. कारण बोललं तर तोड लांबेल, ऊस वाळेल, वजन घटेल. ओळखीचा सगळ्यात रोकडा उपयोग मला इथं दिसतो. कराड आणि शिराळ्याकडे दर हंगामात उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. चांगले वनरक्षक काय करतात? पिल्लं उचलून कुठल्या केंद्रात धाडत नाहीत. तपासून, क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब होतात. रात्री मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. जिची पिल्लं नेली आणि परत दिलीच नाहीत, अशी मादी त्या वस्तीभोवती कशी फिरेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आबा : ह्ये पटतंय. पन वळखीची दुसरी बाजू तुमी सांगत न्हाई. वळख वाढली की भीड मोडती. म्हाबळेश्वराला जावा. पाइंटावर माकडं हातातली पिशवी वढत्यात, गाडीच्या काचंवर बसत्यात. का? तर येनाऱ्या-जानाऱ्यानं चणं दिलं, मक्याचं कणीस दिलं, फोटू काढला. तुमी म्हनाल आमी खायाला घालनार न्हाई. आवं, तुमी न्हाई घातलं तरी ते शिकतंच. तुमी त्येला बगताय तसं ते तुमाला बगतंय. कुत्रं कवा सुटतं, म्हातारी कवा झोपती, कुठली खिडकी उघडी ऱ्हाती, त्येला तुमच्या आधी म्हाईत.

मी : हे तुम्ही म्हणता त्यापेक्षाही खरं आहे. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही आवारातून गेलं की कावळे ओरडून अंगावर येत. ज्यांना कधी पकडलं नव्हतं तेसुद्धा. दुसऱ्या मुखवट्याकडं ढुंकूनही पाहत नसत. कावळे माणसं एकेक ओळखतात, पोरांना आणि शेजाऱ्यांना ओळख शिकवतात. मग एवढ्या बारकाईनं आपली नोंद घेणाऱ्यांकडं आपण मात्र घोळक्यानंच पाहायचं, यात आपलाच तोटा आहे. चण्यांबद्दल मात्र माझ्याकडून पूर्ण कबुली घ्या. खाऊ घालणं ओळखीत बसत नाही. खाऊ घातलेलं माकड आपलं राहत नाही आणि रानाचंही राहत नाही. शेवटी त्याची किंमत ते स्वतः भरतं, गाडीखाली येऊन किंवा पकडणाऱ्याच्या जाळीत सापडून. ज्या घराला ओळख ठेवायची आहे त्यानं परसातला खरकट्याचा ढीग, उघडं कोंबड्यांचं खुराडं, रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं या गोष्टी आधी आवरायच्या. आपल्याकडून त्यांनी काय शिकावं, एवढंच आपल्या हातात असतं.

माकडांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सांगलीच्याच माणसाचं नाव घेतो. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिलं. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कादंबरी एवढ्याशा आकाराची, पण तिच्यातलं प्रत्येक वानर वेगळं आहे. तिच्यामागं निरीक्षणाची एक परंपराही होती. धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळ्या एकेक प्राणी ओळखून पाहिल्या, आणि टोळीवर नवा नर आला की तो आधीच्याची तान्ही पिल्लं मारतो, हे जगाला कळलं. आता आपल्या गावात वानरांचा त्रास वाढला की वर्गणी काढून पकडणारा बोलावतात, टोळीतली हाताला लागतील ती वानरं धरून दुसऱ्या कुठल्यातरी घाटात सोडतात. त्यात टोळीचा नर गेला तर मागं काय होईल? नवा नर येईल, मारामाऱ्या होतील, पिल्लं मरतील, माद्या लेकरं घेऊन कौलांवर, झाडांवर सैरावैरा पळतील. ज्याला नर कोणता आणि माद्या कोणत्या हे ठाऊक नाही, त्याला ते नुसतं माजलेलं वानर दिसणार. आणि ज्या घाटात ती सोडली, तिथल्या वाडीचे शेतकरी पुढच्या वर्षी वर्गणी काढणार.

आबा : समजा, लिवलं. माझा नातू लिवील, त्येच्याकडं मोबाइल हाय. पयला फोटू त्यो कुठं टाकील? व्हाट्सअपला. ‘आमच्या मळ्यातली मादी आन् पिल्लं.’ दुसऱ्या दिशी दुचाक्यांची रांग. तुमची वळखच त्या जनावराचा जीव घील. पुण्यात कोथरूडला गवा आल्ता तवा काय झालं?

मी : २०२०च्या डिसेंबरात तो गवा गर्दीनं पळवून पळवून दमला आणि मेला. वर्षभरानं सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला, तेव्हा रस्ते बंद ठेवून, माणसं लांब ठेवून, त्याला सुखरूप गाडीत घेता आलं. दोन शहरांत गवा सारखाच बिथरलेला असणार. फरक भोवतालच्या माणसांचा होता. तेव्हा तुमचा आक्षेप मी जसाच्या तसा घेतो आणि त्याला एक अट जोडतो. नोंद वहीत, फोटो फक्त वनरक्षकाच्या फोनवर, आणि गरज पडली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन. गट नंबर, ओढ्याचं नाव, पिल्लांची जागा व्हॉट्सअॅपच्या कुठल्याही गटावर जाता कामा नये. चार लाइक मिळवायला सगळ्यांना दाखवली की ओळखीचा तमाशा होतो. नातवाला हे पाळणं जड जाईल. पण मोबाइल वापरायला शिकवणारे खूप आहेत, तो खिशात ठेवायला शिकवणारं घरात कुणीतरी हवं ना?

आबा : आन् वहीत लिवायचं काय? ‘आज बिबट्या आला, शेळी नेली’?

मी : तारीख, वेळ, पाऊस होता का, कुठून आला, कुठं गेला. अंगावर खूण काय दिसली: कान फाटका, शेपटीचा शेंडा गेलेला, पाय ओढतो, पोट उतरलेलं. चिखलात ठसा उमटला असेल तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो, म्हणजे माप कळतं. आणि खूण दिसलीच नसेल तर ‘ओळखलं नाही’ असं स्वच्छ लिहायचं. ही शेवटची ओळ माझ्या लेखी सगळ्यात किमती, कारण दर खेपेला तोच आला असं मानायचा मोह राखणदाराच्या काळापासून आपल्या अंगात आहे. दहातल्या सात नोंदी ‘ओळखलं नाही’ अशा निघाल्या तरी उरलेल्या तीन नोंदींवर भरवसा ठेवता येतो. बिबट्यापासून सुरुवात करू नका. कडब्याच्या गंजीतल्या धामणीपासून करा, उंबरावर येणाऱ्या उदमांजरापासून करा, पिंपळाच्या ढोलीतल्या पिंगळ्याच्या जोडीपासून करा. भिलवडी-औदुंबरकडं राहणाऱ्यांनी कृष्णेच्या मगरींपासून करावी. उन्हाला कुठली मगर कुठल्या काठावर पडते, हे नावाड्यांना आणि मासेमारी करणाऱ्यांना बरंच माहीत असतं. मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांची मांडणी वेगवेगळी असते, तिच्यावरून एकेक मगर ओळखण्याचं काम गुजरातेत झालंय. घाटावर धुणं कुठं धुवायचं आणि म्हशी कुठं उतरवायच्या, हे ठरवायला त्या माहितीचा उपयोग पुरापूर्वी जास्त, पुरानंतर त्याहून जास्त.

आबा : धामनीचं लिवतो. तिचा आमाला तरास न्हाई, उलट गंजीत उंदीर ऱ्हात न्हाई. उदमांजराचं बी लिवीन, चिकू राखायचं असत्यात म्हनून. पन बिबट्याचं आत्ताच सांगतो, माझी दुसरी शेळी गेली तर मी आदुगर पिंजरा मागनार, मंग वही उघडनार. आन् वही उघडली तरी वनखात्याचा साहेब ती वाचील का, ह्येची हमी तुमी घेता?

मी : नाही घेत. पण पिंजऱ्याचा अर्ज द्याल तेव्हा वहीतली ती पानं झेरॉक्स करून त्याला टाचा, आणि आवक-जावकचा शिक्का मारून पोच घ्या.